चकचकीत डब्यांमुळे लेझर सेन्सर फसतो, पोलरायझिंग फिल्टरने फरक पडेल का?

हो, पडेल. असा सेन्सर समोरच्या रिफ्लेक्टरवर किरण टाकतो आणि किरण परत आला नाही की मध्ये डबा आला असं समजतो. पण स्टीलचा डबा आरशासारखा किरण परत फेकतो आणि सेन्सरला डबा म्हणजे समोरचा रिफ्लेक्टरच वाटतो. मात्र चकचकीत धातू ध्रुवीकरणाची (प्रकाशलहरींच्या कंपनाची) दिशा जवळपास तशीच ठेवतो, कॉर्नर-क्यूब रिफ्लेक्टर (एकमेकांना काटकोनात असलेल्या तीन पृष्ठांच्या छोट्या प्रिझमचा) ती बदलतो. सगळा खेळ या फरकाचा.

६५० नॅनोमीटरचा लेझर डायोड मुळातच रेषीय ध्रुवीकृत असतो, म्हणजे त्याच्या प्रकाशाचं कंपन एकाच दिशेत असतं, म्हणून फक्त रिसीव्हरपुढे लिनिअर पोलरायझर फिल्म (एकाच दिशेचं कंपन आरपार जाऊ देणारी) पुरते. डबा समोर धरा, मल्टिमीटरवर फोटोडायोडचा (रिसीव्हरमधल्या प्रकाश टिपणाऱ्या भागाचा) सिग्नल बघत फिल्म हळूहळू फिरवा, रीडिंग सर्वांत कमी येईल तिथे चिकटवा.

रिफ्लेक्टर कॉर्नर-क्यूब प्रिझमचाच हवा. काचेच्या मण्यांची टेप ध्रुवीकरण बरंचसं टिकवते, त्यामुळे तिचाही सिग्नल मरतो. ८५० नॅनोमीटरच्या अवरक्त लेझरला साधी फिल्म निकामी, ती अवरक्त प्रकाश अडवतच नाही. डब्यावर ताणलेलं प्लॅस्टिक गुंडाळलं असेल तर तेच ध्रुवीकरण फिरवतं आणि सेन्सर पुन्हा फसतो. अशा वेळी किरण डब्यावर ५ ते १० अंश तिरका पडू द्या, म्हणजे तो परत रिसीव्हरकडे येत नाही.

उन्हाचा त्रास असेल तर फिल्म तो प्रकाश जेमतेम निम्मा करते. तिथे बँडपास फिल्टरच (ठराविक तरंगलांबीचाच प्रकाश जाऊ देणारा) घ्या, पण फार अरुंद नको: डायोड तापला की तरंगलांबी सरकते.