'आपलाच आहे तो': मुलांसोबत काम करणाऱ्यांचे प्रश्न

जूनमध्ये शाळा उघडल्या की संध्याकाळच्या अभ्यासिका भरू लागतात, पाठोपाठ ढोलपथकांचे सराव सुरू होतात आणि माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. मे महिन्यात 'शिबिरात कुठले खेळ घेऊ?' असं विचारणारेच आता 'हे चालेल का?' असं विचारू लागतात. मुलांसोबत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांची प्रशिक्षणं मी मुंबईत बरीच वर्षं घेते आहे. या वेळी सहा पत्रं घेतली आहेत. नावं काढली आहेत, ठिकाणं ठेवली आहेत.

प्रश्न (कांदिवली): चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत मी सहावी-सातवीच्या मुलांना गणित शिकवतो. संस्थेने नियम काढला आहे की खोलीत मोठी माणसं दोन हवीत. दुसरा माणूस आणू कुठून? साडेसातच्या आधी इथे कुणी घरी पोचत नाही.

दुसऱ्या माणसाला गणित यायलाच हवं असं थोडंच आहे? गोवंडीत एक अभ्यासिका पाहिली होती. दाराची आतली कडी स्क्रू काढून उतरवलेली, दार वाऱ्याने लागू नये म्हणून फटीत वायपर आडवा घातलेला. आणि उंबऱ्यात शेजारच्या मावशी मेथी नाहीतर गवार निवडत बसलेल्या. शिकवण्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही. पण मान वर केली की आतलं सगळं त्यांना दिसायचं, आणि मावशी बसल्या आहेत हे मुलांनाही माहीत असायचं. तुमच्या नियमातला दुसरा माणूस तो हाच.

वार वाटून घ्या. आजी, आजोबा, दुपारपाळीहून आलेली एखादी आई, कुणीही चालेल. ज्या दिवशी कुणीच मिळत नाही, त्या दिवशी चटई बाहेर पॅसेजमध्ये टाका. पावसाने तेही जमलं नाही तर वर्ग रद्द. मुलांचा एक दिवस बुडेल, बुडू दे.

खरी अडचण वर्ग चालू असताना येतच नाही. ती शेवटच्या दहा मिनिटांत येते. बाकीची पळतात आणि एक जण मागे राहतो, 'सर, हे एवढं एकच गणित.' त्याला थांबवायचं तर आणखी एकाला थांबवा, नाहीतर ते गणित उद्यावर टाका. उद्या एखाद्या पालकाच्या मनात पाल चुकचुकली, तर तुमच्या बाजूने चार शब्द बोलायला मेथी निवडणाऱ्या मावशी असतील.

प्रश्न (लालबाग): आमच्या ढोलपथकात चाळीसेक मुलं-मुली अठराच्या आतली आहेत. यंदा सगळ्या मोठ्यांकडून पोलिसांची चारित्र्य पडताळणी मागवली, तर आमचे एक वीस वर्षं जुने दादा चिडून म्हणाले, 'माझ्यावर संशय?' मंडळातले सगळे म्हणतात, सोड, आपलाच आहे तो. काय करावं?

'आपलाच आहे तो' हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. कारण सांगते.

२००९ मध्ये मी एका संस्थेत होते. तिथे ट्रेक नेणारा एक दादा होता, मुलांचा अतिशय लाडका. दोन पोरांना तो मोबाइलचा रिचार्ज मारून द्यायचा, एकाला बूट घेऊन दिले, सरावानंतर त्यालाच थांबवून घ्यायचा. आम्हाला खटकत होतं. पण अर्ज, ओळखपत्र, चौकशी यातलं त्याच्याबाबतीत कधी काही झालं नव्हतं, कारण तो आपलाच. शेवटी आमच्यापैकी दोघांनी त्याला चहाला बोलावून 'आता नको येऊस' असं सांगितलं. लिहून काही ठेवलं नाही, संस्थेची बदनामी नको म्हणून. मुलांशीही कुणी बोललं नाही. चार महिन्यांनी दुसऱ्या उपनगरात एका शिबिराचं पत्रक हाती आलं, तर त्यावर मार्गदर्शक म्हणून त्याचं नाव. मी तिथे फोन लावला. पलीकडच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'लेखी आहे का काही?' नव्हतं.

म्हणून पडताळणी सगळ्यांची, आणि पहिला कागद अध्यक्षांचा. तो फाइलला लागला की दादांचा राग निम्मा उतरतो. मुंबई पोलिसांकडे हा अर्ज ऑनलाइन करता येतो. कायद्याचं म्हणाल तर पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, २०२० च्या नियमांनुसार शाळा, पाळणाघरं, क्रीडा अकादमी यांसारख्या, मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांनी आपल्या सगळ्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करायची आहे. तिथे शब्द 'कर्मचारी' आहे, तुमचे दादा तर बिनपगारी, असा कीस काढणारे मंडळात एक-दोन निघतीलच. त्यांना काढू द्या, आणि कागद घ्या.

मात्र त्या दाखल्यावर विसंबूही नका. पोलिसांकडे नोंद असेल तेवढंच तो सांगतो, आणि असले बहुतेक प्रकार नोंदीपर्यंत पोचतच नाहीत. आधीच्या दोन ठिकाणी स्वतः फोन करा आणि सरळ विचारा: 'याला पुन्हा मुलांमध्ये घ्याल का?' उत्तराआधी समोरचा किती वेळ गप्प राहिला, तेही लक्षात ठेवा. नवीन माणसाला पहिले काही महिने एकट्याने काही सोपवू नका. पोक्सोच्या गुन्ह्यांत आरोपी दहापैकी नऊहून अधिक वेळा मुलाच्या ओळखीतला असतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षामागून वर्ष दिसतं आहे. ओळख आहे म्हणून सूट, हा हिशेब त्यामुळे उलटाच आहे.

दादा तरीही नाहीच म्हणाले तर? वीस वर्षांचे आभार माना, शाल-श्रीफळ द्या. मुलांच्या सरावाला मात्र नाही.

प्रश्न (मुलुंड): मी २४ वर्षांची आहे, वाचनालयात किशोरवयीन मुलींचा गट घेते. त्यातली एक पंधरा वर्षांची मुलगी रात्री साडेअकराला मला व्हॉट्सअ‍ॅप करते. घरच्या कटकटी, कधी 'झोप येत नाही ताई'. उत्तर दिलं नाही तर तिला वाईट वाटेल.

वाटेल. आणि रोज साडेअकराला उत्तर दिलंत तर महिन्याभरात तिच्यासाठी ताई म्हणजे वाचनालयातल्या ताई राहणार नाहीत, रात्री साडेअकराच्या ताई होतील. तुमचा हेतू स्वच्छ आहे याबद्दल मला शंका नाही. पण उद्या तुमच्या जागी २४ वर्षांचा मुलगा आला आणि त्याने नेमकं हेच केलं, तर तुम्हाला चालेल का?

पुढच्या भेटीत सगळ्या गटाला एकदमच सांगा, तिला एकटीला नको: निरोप फक्त ग्रुपवर, ग्रुपमध्ये माझ्याबरोबर आणखी एक ताई, रात्री नऊनंतर मी उत्तर देत नाही. इन्स्टाग्रामवर स्वतःच्या खासगी खात्यात मुलांना घेऊ नका. आपोआप पुसले जाणारे मेसेज तर अजिबात नकोत.

तरी तिचा एकटीचा मेसेज येईलच. तेव्हा एकच ओळ: 'वाचलं गं. शनिवारी लवकर ये, बाहेरच्या बाकावर बसून बोलू.' आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मेसेज तुमच्या समन्वयकांना दाखवा. फक्त जिवाचं काही बरंवाईट करून घेण्याचा सूर असेल, तर घड्याळ बघू नका. लगेच फोन करा, तिच्या घरच्यांना उठवा. त्रास घरातूनच असेल तर मुलांची हेल्पलाइन १०९८ लावा.

प्रश्न (घाटकोपर): वस्तीतल्या आमच्या खेळघरात येणारा दहा वर्षांचा मुलगा परवा मला म्हणाला, 'ताई, एक सांगू? कुणाला सांगणार नाही ना?' मी शपथ घेतली. मग त्याने शेजारच्या एका काकांबद्दल जे सांगितलं त्याने मी हादरले. आता शपथ मोडू का? आमच्या सरांना सांगितलं, ते म्हणतात आधी शहानिशा करू.

मोडा, आज. हे वाचून खाली ठेवलंत की लगेच.

पोक्सो कायदा २०१२ चा. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं, किंवा होईल अशी ज्याला धास्ती वाटते, त्याने पोलिसांना कळवायचं, असं त्याचं कलम १९ सांगतं. त्यात डॉक्टर, शिक्षक, कार्यकर्ता असा भेद नाही. कळवलं नाही तर कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. आणि हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. सरांना सांगितलंत म्हणजे तुमची जबाबदारी संपली असं नाही, ती तुमच्याही डोक्यावर आहे. दुसरीकडे, चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होऊ शकत नाही, हेही त्याच कलम १९ मध्ये आहे. शहानिशा हे पोलिसांचं काम. सरांनी त्या काकांना बोलावून 'विचारून' घेतलं, तर त्या रात्री ते काका मुलाच्या दाराशी उभे असतील.

मुलाला पुन्हा पुन्हा विचारू नका. 'मग काय केलं? कुठे हात लावला?' हे प्रश्न तुमचे नाहीत, आणि प्रश्नाच्या आकारात उत्तर बसवायची मुलांना सवय असते. तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत आत्ता लिहून काढा. त्याने 'सुसू' म्हटलं असेल तर 'सुसू'च लिहा, त्याचं शुद्ध मराठी करू नका. तारीख, वेळ, तेव्हा तिथे कोण होतं, आणि खाली तुमची सही.

मग त्याला जवळ बसवा आणि खरं सांगा: 'मी कुणाला सांगणार नाही म्हटलं होतं. ते माझं चुकलं. तू काही चूक केलेली नाहीस. हे थांबवायला मला एक-दोन माणसांना सांगावं लागेल, आणि कुणाला सांगणार ते मी तुला आधी सांगेन.' मुलं रागावतात. काही मुलं त्याच मिनिटाला विचारतात, 'मग आता मी खेळायला जाऊ?' जाऊ द्या.

फोन ११२ ला, नाहीतर सरळ स्थानिक पोलीस ठाण्यात जा. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाली आणि चोवीस तास चालते. तिथे काय करायचं ते सांगतात, पण पोलिसांना कळवल्याशिवाय थांबू नका. आई-वडिलांना विश्वासात घ्या, बरोबर न्या. मात्र संशय घरातल्याच कुणावर असेल तर आधी पोलीस.

'पोलीस ठाण्यात त्या चिमुरड्याला कसं नेऊ?' ही भीती मला दर प्रशिक्षणात भेटते. नेण्याची गरजच नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा तो सांगेल त्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेशाशिवाय. ठाण्यावर कुणी वेगळं सांगू लागलं तर 'कलम २४' एवढंच म्हणा. पोलिसांनी बाल कल्याण समितीला २४ तासांत कळवायचं असतं, त्याची चौकशी तुम्हीही करत राहा.

आणि मुलाचं नाव कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर टाकू नका. 'आपल्या त्या अमक्याच्या बाबतीत...' असंही नको. वस्तीत तेवढं पुरतं.

प्रश्न (गिरगाव): मी मल्लखांब शिकवतो. मुलांना कमरेला धरून आधार दिल्याशिवाय शिकवणार कसं? का आता हातच लावायचा नाही?

लावायचा, नाहीतर मूल डोक्यावर आपटेल. लावण्याआधी तोंडाने सांगायचं: 'कमरेला धरतोय हं.' सगळ्यांच्या समोर, आधाराला लागेल तेवढंच आणि तेवढाच वेळ. पोटरीला तेल किंवा मलम मूल स्वतः लावेल. कपडे बदलायच्या खोलीत तुम्ही जायचं नाही. मूल नको म्हणालं तर नको, त्या दिवशी जमिनीवरचा व्यायाम द्या. रडणाऱ्या पाच वर्षांच्या पोराला थोपटू नये असं मात्र मी कधीच म्हणणार नाही. लांबूनच 'उगी, उगी' करणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत, त्यांच्याकडे बघून मलाच रडू आलं होतं.

प्रश्न (डोंबिवलीहून दादरला येणारी कार्यकर्ती): आमच्या मुलांचा वर्ग साडेसातला सुटतो. एका मुलीची आई नेहमी उशिरा येते, लोकल रखडली की साडेआठसुद्धा होतात. आमचा अकरावीतला एक स्वयंसेवक तिला स्कूटरवर सोडायला तयार आहे. बिचारा चांगला आहे.

अकरावीतला म्हणजे सोळा-सतराचा, कायद्याने तो स्वतःच बालक. त्याच्या हातात स्कूटर देणं हाच वेगळा गुन्हा. त्याला मोठ्या माणसांत मोजू नका, उलट त्याच्यासाठीही कुणी मोठं तिथे हवं. आणि तो तिशीचा, परवानाधारक असता तरी माझं उत्तर 'नाही'च होतं.

प्रवेशाच्या वेळीच प्रत्येक पालकाकडून मुलाला नेऊ शकणाऱ्या दोघांची नावं आणि फोन लिहून घ्या. तिसरा कुणी आला, अगदी सख्खा मामा म्हणत आला, तरी आईला फोन केल्याशिवाय मूल सोडायचं नाही. उशीर होणारच असेल तर थांबणारे दोघं कोण, हे त्या त्या दिवशी साडेसातच्या आत ठरलेलं असावं. आत बंद खोलीत नाही, खाली गेटपाशी वॉचमनच्या दिव्याखाली खुर्च्या टाकून बसा. मुलीला भूक लागलेली असते, पार्ले-जीचा एक पुडा कपाटात ठेवा.

आईशीही एकदा बोला, पण दरडावून नको. कल्याणहून सुटलेली गाडी मध्येच अडकली तर ती बाई काय करणार? तिला म्हणावं, गाडी थांबली की एक मेसेज टाका, आम्ही दोघी बसलो आहोत.