हात वाळून जातो, तरी उठवत नाही

ताई, मी २४ वर्षांची. हिंजवडीत नोकरी, तिघी मिळून फ्लॅटवर राहतो. रात्री साडेनऊला ताट घेऊन बसते, मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवते आणि 'एकच भाग' म्हणता म्हणता अडीच वाजतात. हातावरचं खरकटं वाळून जातं, तरी उठवत नाही. सकाळची आठ दहाची बस या महिन्यात दोनदा चुकली. आई म्हणते, तुझा मनावर ताबाच नाही. मला स्वतःचीच लाज वाटते.

बाळ, त्या वाळलेल्या हाताशी मी बराच वेळ अडखळले. पोट भरलेलं, डोळे मिटायला आलेले, पण उठलं की दिवस संपला आणि पुढे लगेच उद्याची बस. अख्ख्या दिवसात तुझा म्हणावा असा वेळ तेवढाच, तो सुटता सुटत नाही. नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली नेमकं हेच मांडलं: अशा माणसांना झोप नकोशी नसते, हातातलं सोडवत नसतं.

त्यात पुढचा भाग आपोआप सुरू होतो. नेटफ्लिक्सचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज २०१७ मध्ये उघड म्हणाले होते की आमची स्पर्धा झोपेशी आहे. कामाने पिळून निघालेल्या पोरीने रात्री एकटीने त्यांच्यापुढे टिकाव धरायचा, हे फार झालं. तेव्हा लाज आधी सोड.

आज सेटिंगमध्ये जाऊन पुढचा भाग आपोआप लागायची सोय बंद कर. भागाच्या शेवटी कोणीतरी दार उघडतं, कोणाचा तरी फोन येतो, आणि आपण अडकतो. म्हणून भाग संपायची वाट पाहूच नकोस, मध्येच एखादा साधा प्रसंग चालू असताना थांबव. सुरुवातीला जड जाईल. जेवताना मोबाईल नको; ताट घासून, हात धुऊन मग खुशाल बस. एकदम अकराला झोपायचा हट्टही नको, या आठवड्यात दीड, पुढच्या आठवड्यात एक. सात तास झोप मिळेपर्यंत असंच मागे ये.

आणि ऑफिसमधून आल्यावर अर्धा तास कोणालाही देऊ नकोस, घरच्यांच्या फोनलाही नाही. तो वेळ संध्याकाळी मिळाला, तर रात्री चोरावा लागणार नाही.

मोबाईल बाजूला ठेवूनही कित्येक रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, किंवा मन सतत उदास राहिलं, तर मात्र डॉक्टरांना दाखव. आईला हे पत्र वाचून दाखवलंस तरी चालेल.