विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग सतत कमी-जास्त का दिसतो? बिघाड आहे का?

बिघाड नाही, प्रोसेसर कामाच्या गरजेप्रमाणे स्वतःच वेग बदलतो, आणि टास्क मॅनेजर त्या त्या क्षणाचा आकडा दाखवतो. उदाहरणार्थ, इंटेल कोअर आय५-८२५०यू या प्रोसेसरचा १.६ गिगाहर्ट्झ हा फक्त मूळ वेग. काम आलं की टर्बो बूस्टमुळे (वेग आपोआप वाढवण्याची इंटेलची सोय) तो ३.४ पर्यंत जातो, रिकामा असला की १ च्याही खाली येतो. एएमडी कंपनीच्या प्रोसेसरमध्येही हेच चालतं, नाव वेगळं. कारण विजेचं आहे: वेग वाढवायला व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि वीजखर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून गरज नसताना वेग उतरवला की बॅटरी टिकते, पंखाही गप्प राहतो. जड कामात ३.४ हा आकडा सहसा थोडा वेळच टिकतो, त्यामुळे जाहिरातीतल्या ‘कमाल वेगा’वर फार जाऊ नका.

मात्र जड काम चालू असतानाही वेग मूळ आकड्याच्या खालीच अडकून राहत असेल तर हे पाहा:
- तापमान (धूळ, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट सुकलेली)
- पॉवर मोड (वीज वाचवायची की वेग द्यायचा, ही विंडोजमधली सेटिंग)
- लॅपटॉप असेल तर चार्जर पुरेशा वॅटचा आहे का