आधी कॉलेज की आधी हाताला काम? सातारा-सांगलीच्या वाचकांचे प्रश्न

प्रश्न (विटा): दहावीला 74 टक्के पडले. यंत्रांची आवड आहे. वडील म्हणतात अकरावी सायन्स घेऊन पुढे इंजिनीअरिंग कर, मामा म्हणतात आयटीआय करून लवकर कामाला लाग. काय करू?

उत्तर: या दोघांच्या मधे डिप्लोमा आहे आणि तुझ्यासाठी आम्हाला तोच बरा वाटतो. तीन वर्षांचा, दहावीच्या गुणांवर प्रवेश, सीईटी (प्रवेश परीक्षा) नाही. मिरज आणि कऱ्हाड दोन्हीकडे शासकीय तंत्रनिकेतन आहे. डिप्लोमानंतर नोकरी धरता येते किंवा थेट इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. अडचण येते ती तिथल्या गणिताची. बारावीची मुलं कलन (कॅल्क्युलस) पक्कं करून आलेली असतात, डिप्लोमावाल्यांचं ते तेवढं झालेलं नसतं आणि तिसऱ्या सत्रातच विषय राहतो. म्हणून डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी बारावीचं गणिताचं पुस्तक स्वतःहून सोडव.

अकरावी सायन्स घेतलीस तर अभियांत्रिकीच्या सीईटीत 200 पैकी 100 गुण एकट्या गणिताचे आहेत, हे आधीच लक्षात घे. गणित नकोसं वाटत असेल तर फक्त यंत्रांच्या आवडीवर तो रस्ता निभत नाही.

मामांचं म्हणणंही चुकीचं नाही. फक्त ट्रेड बघून घे. फिटर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे ट्रेड. दहावीनंतर ते केले की डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो, शिवाय मंडळाची भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षताही मिळते. वेल्डरसारख्या एक वर्षाच्या ट्रेडला ही दारं अशी उघडत नाहीत. गावाकडची मुलं नेमकी इथं फसतात, कारण वर्ष वाचतंय एवढंच दिसतं. आयटीआयनंतर कुपवाड किंवा किर्लोस्करवाडीकडे शिकाऊ म्हणून लागलास, तर शिकाऊ उमेदवारीचा करार सरकारी पोर्टलवर नोंदवला आहे ना, हे पहिल्याच आठवड्यात विचार. नोंद नसेल तर तू हेल्पर ठरतोस. वर्षभर राबूनही हातात प्रमाणपत्र येत नाही.

प्रश्न (कोरेगाव): बारावी कला शाखेत आहे. अग्निवीर व्हायचंय. बारावी सोडून भरतीची तयारी करावी का? जीडीला (जनरल ड्युटी, म्हणजे साधा सैनिक) दहावीच लागते ना?

उत्तर: जीडीला दहावीच लागते (एकूण 45 टक्के, प्रत्येक विषयात 33), तरी बारावी सोडू नकोस. कारण हिशेबात आहे. नोकरी चार वर्षांची आणि त्यानंतर कायम होतात ते जास्तीत जास्त 25 टक्के. पहिल्या वर्षी पगार महिना 30,000, त्यातले 30 टक्के सेवानिधीत (चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या रकमेत) जातात, म्हणजे हातात 21,000. शेवटी सरकारचा वाटा धरून व्याजाशिवाय सुमारे 10.04 लाख मिळतात. पेन्शन नाही. बाहेर पडशील तेव्हा वय बावीस-तेवीस असेल आणि त्या वयात पोलीस शिपाई भरतीला बारावी लागते. तिथली 1600 मीटर धाव, 100 मीटर आणि गोळाफेक तुला जड जाणार नाही, पण बारावी नसेल तर अर्जच भरता येणार नाही. नोकरीत असताना पदवीही होते. इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या अग्निवीरांसाठीच्या पदवीत निम्मे श्रेयांक (क्रेडिट) सैन्यातल्या प्रशिक्षणाचे धरले जातात.

आणखी एक. नुसतं मैदान मारून भागत नाही. आधी संगणकावर लेखी परीक्षा असते, तिथं चुकलेल्या उत्तराला गुण कापतात. पहाटे धावत असशील तर संध्याकाळचा एक तास गणित आणि सामान्य विज्ञानाला दे.

प्रश्न (जत): मुलगी बारावी कला शाखेतून होतेय, तिला नर्सिंग करायचंय. मिरजेत सहा महिन्यांचा कोर्स आहे म्हणतात.

उत्तर: तिकडे पैसे भरू नका. परिचारिका म्हणून काम करायला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते आणि सहा महिन्यांच्या कागदावर ती होत नाही. बी.एस्सी. नर्सिंगला जीवशास्त्रासह सायन्स लागतं, त्यामुळे ती वाट आता नाही. पण तीन वर्षांचं जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, परिचारिकेचा डिप्लोमा) कला शाखेतूनही करता येतं: बारावीला 40 टक्के आणि इंग्रजी उत्तीर्ण. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं, म्हणजे पदवी उशिरा का होईना मिळते. फी भरण्याआधी संस्थेचं नाव कौन्सिलच्या यादीत स्वतः बघा, आणि विद्यार्थिनींची प्रत्यक्ष रुग्णालयातली ड्युटी कुठल्या दवाखान्यात असते तेही विचारा. उत्तर गोलमोल आलं तर तिथून निघा.

प्रश्न (वाई): मुलगी इंजिनीअरिंगला जाणार आहे. मुलींची फी माफ आहे म्हणतात, मग आम्ही निर्धास्त राहायचं का?

उत्तर: 2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल गट) मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. पण प्रवेश केंद्रीय (शासनाच्या सामाईक प्रवेशाच्या) फेरीतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की माफी गेली. होस्टेल-मेसचा खर्च वेगळा धरा.

निर्धास्त मात्र राहू नका, घोळ कागदांत होतो. जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच करा, निकालानंतर जिल्हा समितीकडे एकदम गर्दी उसळते. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची (कुटुंब उन्नत गटात मोडत नाही याचा दाखला) मुदत प्रवेशानंतर येणाऱ्या 31 मार्चपर्यंत तरी असायला हवी, जुनं प्रमाणपत्र संपलेलं असतं आणि ते फॉर्म भरताना कळतं. दाखल्यावर, आधारवर आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव एकाच पद्धतीनं लिहिलंय का, आडनावाच्या वेलांटीपर्यंत, आजच बघा. दुरुस्तीला लागणारा वेळ प्रवेशफेरीच्या चार दिवसांत मिळत नाही.