आईचं नाव कुठल्या यादीत आहे?

"मावशी, माझे वडील ६८ वर्षांचे. अडीच वर्षं झाली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. शेजारच्या बेडवरचा २६ वर्षांचा मुलगा आमच्या नंतर आला आणि त्याला किडनी मिळालीसुद्धा. वय झालं की मागे ढकलायचं, हा कुठला न्याय? आई देते म्हणतेय, ६३ची आहे, तिच्या तपासण्या चालू आहेत, पण आम्हाला यादीतूनच हवी होती. आम्ही दोघं भाऊ नोकरी सांभाळून नुसते धावतोय. – त्रासलेला, मुलुंड"

अरे त्रासलेल्या, पत्र तीनदा वाचलं. दोनदा तुझ्यासोबत मीपण चिडले, तिसऱ्यांदा आईच्या ओळीवर अडकले.

आधी वयाचं उरकते. नोंदणीला ६५ची अट होती ती केंद्राने २०२३ मध्ये काढली, म्हणून तर बाबांचं नाव लागलं ना. त्या पोराचा ब्लड ग्रुप वेगळा असेल, नाहीतर नोंदणी दुसऱ्या हॉस्पिटलात असेल, कारण मुंबईत ब्रेनडेड दात्याची एक किडनी सहसा त्याच हॉस्पिटलच्या पेशंटला जाते आणि दुसरी झेडटीसीसीच्या, म्हणजे अवयववाटप बघणाऱ्या विभागीय समितीच्या, यादीत येते. त्याने तुमचं काही पळवलेलं नाहीये.

आता आई. ६८च्या माणसाचं वय काढलं की तुला लागतं, आणि ६३च्या बाईचं पोट फाडायचंय ते तू एका ओळीत उरकलंस? कायद्याने मुलगाही जवळचा नातेवाईकच. तुम्हा दोघांचा ब्लड ग्रुप पत्रात का नाही रे? आपल्याकडे किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त, आणि घराला त्याची इतकी सवय की पोळ्या करते तशी किडनीपण आईच देणार हे धरूनच चालतात सगळे.

डॉक्टर कदाचित म्हणतील आईचीच घ्या, तरुणाला अजून चाळीस वर्षं काढायचीत. बरोबरही असेल ते. पण ते डॉक्टरच्या तोंडून येऊ दे ना, तुम्ही दोघं गप्प बसलात म्हणून ठरायला नको.

शनिवारी दोघंही जा आणि तपासणीला नावं द्या. द्यायची की नाही ते पुढे बघू. आईलाही सोबत ने, पण हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरशी तिला एकटीला बोलू दे, तू बाहेर बाकड्यावर बस. आत ती नको म्हणाली तर डॉक्टर बाहेर येऊन 'मेडिकली फिट नाहीत' एवढंच सांगू शकतात. तेवढं ऐक आणि गाडीत तिला खोदून विचारू नकोस.