रस्ते देखभालीच्या कामावर विद्यार्थ्याने इंटर्नशिप करावी का? तिथे नेमके काय शिकायला मिळते?

तुम्ही स्थापत्य अभियांत्रिकी पदविकेच्या दुसऱ्या वर्षात आहात, उन्हाळ्याच्या सुट्टीत सार्वजनिक बांधकाम विभागाच्या रस्ते देखभालीच्या कामावर इंटर्नशिप करण्याचा तुमचा विचार आहे, आणि "तिथे खड्डे बुजवणे आणि फायली उचलणे यापलीकडे काही नसते, त्यापेक्षा एखाद्या टॉवरच्या साइटवर जा" असे मित्र सांगत आहेत, असा आपला प्रश्न आहे. मी शाखा अभियंता आणि पुढे उपअभियंता म्हणून रस्त्यांचीच कामे पाहिली आणि प्रशिक्षणासाठी आलेल्या विद्यार्थ्यांकडून कामेही करून घेतली. त्या आधारावर माझे मत असे आहे की अवश्य जावे. नवीन बांधकामावर काही आठवड्यांत एखादा स्लॅब किंवा एखादा थर पाहून होतो. जुन्या रस्त्यावर मात्र पंधरा-वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या निर्णयांचे परिणाम एकाच फेरीत दिसतात, आणि रस्ता का बिघडतो हे ज्याला कळले त्याला तो कसा बांधावा हे वेगळे शिकवावे लागत नाही.

मित्रांचे फायलींविषयीचे म्हणणे मात्र सर्वस्वी खोटे नाही. कार्यकारी अभियंत्यांच्या विभागीय कार्यालयात नेमणूक झाली तर सारा वेळ अंदाजपत्रकांच्या प्रती काढण्यात आणि आवक-जावक पाहण्यात जाऊ शकतो. म्हणून अर्ज कार्यकारी अभियंत्यांच्या नावेच करावा, परंतु त्यात "उपविभागातील शाखा अभियंत्यांसोबत क्षेत्रीय कामावर नेमणूक मिळावी" अशी स्पष्ट विनंती करावी. प्रत्यक्ष रस्ता शाखा अभियंत्याच्या हातात असतो. त्याच्याकडे ठरावीक किलोमीटर असतात आणि त्यातील प्रत्येक मोरी (रस्त्याखालून पाणी पलीकडे नेणारे छोटे बांधकाम) त्याला ठाऊक असते. रस्ता कोणाचा आहे हेही आधी पाहावे. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सामान्यतः सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे, तर शहरातील रस्ते महानगरपालिका किंवा नगरपालिकेकडे असतात. माझी पसंती विचाराल तर प्रमुख जिल्हा मार्गाला आहे: वाहतूक बेताची, निधी तुटपुंजा, आणि त्यामुळे कोणते काम आधी करायचे याचा निर्णय रोज घ्यावा लागतो.

काळाच्या दृष्टीने एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंतचे आठवडे सर्वांत मोलाचे. या काळात पावसाळापूर्व कामे चालतात आणि शेवटच्या दिवसांत पहिला पाऊसही पाहायला मिळतो. रस्त्याचे बहुतेक नुकसान वाहनांच्या भाराला पाण्याची साथ मिळाल्यामुळे होते, हे वर्गात एका वाक्यात सांगून संपते. जागेवर ते समजायला वेळ लागतो. डांबरी पृष्ठभागाला पाणी वाहून जाण्यासाठी मध्यापासून कडेकडे साधारण 2 ते 2.5 टक्के उतार दिलेला असतो. दरवर्षी कडेला माती आणि गवत साचून साईडपट्टी, म्हणजे डांबराच्या बाहेरची कच्ची पट्टी, उंच होत जाते आणि पाणी रस्त्यावरच अडते. उलट, साईडपट्टी खचली तर डांबराच्या कडेला आधार राहत नाही आणि समोरच्या वाहनाला जागा देताना चाक खाली उतरले की कड तुटते. गटार बुजलेले असेल तर पाणी खालच्या थरांत मुरते, थर मऊ पडतात, वर जाळीदार भेगा येतात आणि मग खडी सुटून खड्डा होतो. म्हणजे खड्डा दिसतो त्या जागी बिघाडाचे कारण असेलच असे नाही. ते पुष्कळदा काही मीटर वरच्या अंगाला तुंबलेल्या मोरीत सापडते. मराठवाडा-विदर्भातील काळ्या मातीवर आणखी एक प्रकार दिसतो. ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि रस्त्याच्या कडेने लांबच्या लांब उभ्या भेगा पडतात. त्यांत नुसते डांबर ओतून काही साधत नाही. कोकणात आणि घाटात चिंता वेगळी असते, तिथे दरडी, डोंगराकडील गटारे आणि संरक्षक भिंतींतील पाणी बाहेर पडण्याची छिद्रे यांकडे लक्ष द्यावे लागते.

इंटर्नशिपच्या पहिल्याच आठवड्यात शाखा अभियंत्यांकडून चार-पाच किलोमीटरचा एक तुकडा मागून घ्यावा आणि तो पायी चालून नोंदवावा. गाडीतून पाहणी होते, परंतु मोरीच्या तोंडाशी वाकून पाहिल्याशिवाय ती अर्धी बुजली आहे हे कळत नाही. नोंद नेहमी साखळी क्रमांकाने करावी: किमी 24/600 म्हणजे 24 किलोमीटरच्या पुढे 600 मीटर. बिघाडाचा प्रकार, लांबी-रुंदी-खोली, कोणती बाजू, जवळची मोरी आणि गटाराची स्थिती इतके लिहिले तरी पुरे. पहिला मोठा पाऊस पडल्यावर त्याच तुकड्यावर पुन्हा जावे आणि पाणी कुठे साचते, कुठे रस्ता ओलांडून वाहते, हे त्याच तक्त्यात भरावे. अशा दोन पाहण्यांचा तक्ता कार्यालयालाही उपयोगी पडतो, आणि जो विद्यार्थी उपयोगी पडतो त्याला अधिकारी वेळ काढून शिकवतात, हा माझा अनुभव आहे.

आता खड्ड्यांविषयी, कारण मित्रांनी त्यांचीच थट्टा केली आहे. शास्त्रशुद्ध खड्डा भरताना त्याच्या कडा चौकोनी व उभ्या कापतात, सुटी खडी आणि धूळ काढून तो कोरडा करतात, तळाला व कडांना टॅक कोट (नवे मिश्रण चिकटावे म्हणून डांबराचा पातळ लेप) देतात, डांबरमिश्रित खडी थराथराने भरून प्रत्येक थर दाबतात आणि शेवटी 3 मीटरच्या सरळ पट्टीने पातळी तपासतात. यातील प्रत्येक पायरी गाळली तर काय होते हे पुढच्या पावसाळ्यात कळते. ओल्या, धुळीने भरलेल्या खड्ड्यात पाटीभर मिश्रण टाकून त्यावर फावडे आपटण्याच्या प्रकाराला मी तरी दुरुस्ती म्हणत नाही. डांबरीकरण चालू असेल तर तापमापक घेऊन उभे राहावे. व्हीजी-30 प्रतीच्या डांबराचे गरम मिश्रण पसरताना किमान 140 अंश सेल्सिअस असावे आणि 90 अंशांखाली जाण्यापूर्वी रोलिंग पूर्ण व्हावे, असे केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांत आहे. ट्रक ताडपत्रीने झाकलेला होता का, प्लांटपासून साइटपर्यंत किती वेळ लागला, रोलर वेळेवर आला का, या साध्या प्रश्नांवर त्या थराचे आयुष्य ठरते.

पुलांची पावसाळ्यापूर्वीची तपासणी पाहण्याची संधी मिळाली तर ती सोडू नये. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्यानंतर जुन्या पुलांच्या तपासणीचा प्रश्न राज्यभर ऐरणीवर आला. पायाजवळ पाण्याने माती-दगड खरवडले गेले आहेत का, दगडी सांध्यांत वड-पिंपळाची मुळे शिरली आहेत का, कमानीत नवीन भेग आहे का, हे अनुभवी अभियंता कसे पाहतो ते शेजारी उभे राहूनच शिकता येते.

कागदपत्रांना कमी लेखू नका, असेही आवर्जून सांगतो. मोजमाप पुस्तकात नोंद शाईने होते, खाडाखोड चालत नाही, चुकीची नोंद छेदून त्यावर स्वाक्षरी करावी लागते, कारण ठेकेदाराचे देयक त्याच नोंदींवर निघते. विद्यार्थ्याने त्यात काही लिहावयाचे नसते, परंतु टेपचे दुसरे टोक धरून माप घेताना आणि नंतर तीच मापे पुस्तकात चढताना पाहिली की परिमाण काढण्याचा विषय परीक्षेपुरता राहत नाही. एखाद्या रस्त्याचा दोषदायित्व कालावधी संपला आहे का, हेही विचारावे. तो चालू असेल तर ठेकेदाराच्या कामातील दोषांची दुरुस्ती त्याने स्वखर्चाने करावयाची असते.

विद्यावेतनाची अपेक्षा ठेवून विभागाकडे जाऊ नये. महाविद्यालयाच्या पत्रावर मिळणारी अशी इंटर्नशिप बहुधा बिनपगारी असते. राज्य शासनाने 2024 मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदविकाधारकांसाठी दरमहा 8,000 रुपये ठरवले होते, परंतु शिक्षण चालू असलेले उमेदवार त्यात बसत नाहीत. शिकाऊ उमेदवार अधिनियम, 1961 खालील प्रशिक्षणाचा मार्गही पदविका हाती आल्यावरचा आहे, त्यामुळे आत्ता त्यामागे लागू नका.

सुरक्षिततेबाबत मात्र कोणतीही तडजोड करू नका. चालू वाहतुकीच्या रस्त्यावर काम करणे हे बंदिस्त साइटपेक्षा अधिक धोक्याचे असते. परावर्तक जाकीट, हेल्मेट आणि जाड तळाचे बूट कार्यालय देईलच असे नाही, ते स्वतः घ्यावेत. वाहनांकडे पाठ करून माप घेऊ नये. दोन्ही बाजूंना फलक, शंकू आणि झेंडेवाला उभा असल्याशिवाय रस्त्यात उतरू नये, आणि मुकादमाने "बाजूला व्हा" म्हटले तर कारण विचारत न बसता बाजूला व्हावे. पाहणीच्या मार्गावर स्वच्छतागृह कुठे आहे हे, विशेषतः विद्यार्थिनींनी, आधीच विचारून ठेवावे. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. महाविद्यालयाच्या पत्रात अपघात विमा उतरवल्याचा उल्लेख असावा, नसल्यास प्रशिक्षण अधिकाऱ्यांकडून तो करून घ्यावा. अर्ज फेब्रुवारीतच द्यावा, कारण मार्चअखेर आर्थिक वर्ष संपण्याच्या धांदलीत देयकांखेरीज दुसऱ्या कोणत्याही कागदाकडे कोणाचे लक्ष नसते.