मॉरिशसला गेलेल्या खापरपणजोबांचं गाव शोधताना

ताई, तुमचा प्रश्न असा: यजमानांचे खापरपणजोबा 1850 च्या दशकात मुंबईहून मॉरिशसला उसाच्या मळ्यावर गेले, घराण्याचं आडनाव 'सकाराम', गाव 'रत्नागिरी'. तर हे सकाराम कोकणात कुठले?

सकाराम कुठलेच नव्हेत. तो साधा सखाराम. कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलं आणि मुलानातवंडांचं तेच आडनाव झालं. तेव्हा कोकणातून सुरुवात करू नका, मॉरिशसमधून करा.

सगळी चावी आहे गिरमिट्याच्या, म्हणजे करारावर गेलेल्या मजुराच्या, क्रमांकात. उतरलेल्या प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक मिळे आणि मुलांच्या जन्माच्या, लग्नाच्या दाखल्यांतही तो बहुधा लिहिलेला असतो. यजमानांच्या दाखल्यापासून एकेक पिढी मागे चला, क्रमांक हाती लागेपर्यंत. मग तो घेऊन मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जा. स्थलांतरितांची मूळ दफ्तरं तिथेच आहेत. उताऱ्यात वडिलांचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, गाव आणि जहाजाचं नाव मिळू शकतं. 1860 च्या दशकाच्या मध्यापासून फोटोही काढू लागले, म्हणून तोही विचारून बघा. मी अशा एका म्हाताऱ्या आजोबांचा फोटो पाहिलाय, नाक थेट पणतूचं!

वयावर फार विसंबू नका, ते अंदाजाने लिहीत. 'मराठा' या नोंदीवरूनही जात ठरवू नका. मुंबईहून आलेल्या बऱ्याच जणांना तसं म्हणत.

गावाचं नाव मोठ्याने वाचून बघा. 'विंगोर्ला' म्हणजे वेंगुर्ला. आणि त्या काळचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचा सिंधुदुर्गही बराचसा त्यात आला, तो 1981 मध्ये वेगळा झाला. मालवण, देवगडही धरून चाला. सावंतवाडी मात्र तेव्हा संस्थान होतं, ते वेगळं लिहिलेलं असेल.

गाव कळलं की सातबाऱ्याच्या मागे लगेच धावू नका. तिकडे बऱ्याच गावांत खोती होती, म्हणजे गावाचा सारा खोत गोळा करून सरकारात भरी, कसणाऱ्याचं नाव जुन्या कागदावर असेलच असं नाही. आधी ग्रामदेवतेच्या देवळात गुरवाला भेटा, मानकऱ्यांची घरं विचारा. जाताना सखारामच्या वडिलांचं नाव विसरू नका. सखाराम प्रत्येक वाडीत दोन तरी निघतील.